पुढच्या चाकांना दीड इंच

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
९ नोव्हेंबर २०२५

अमू,

आधी जयभीम, मग बाकीचं.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न वाचताच फाडलं नसशील असं धरून लिहितो. फोनवर तू मला तीन वर्षं बंद करून ठेवलंयस. म्हटलं, पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. होसूरचा पत्ता आईच्या सुईदोऱ्याच्या डब्यात सापडला. रविवारी ती गच्चीवर जाऊन तुझ्याशी बोलते हे मला ठाऊक आहे. आबांनाही ठाऊक असावं, कारण ती वर गेली की ते टीव्हीचा आवाज मोठा करतात.

बातमी अशी की मी रेल, आपली ती शर्यतीची लांबलचक गाडी, पुन्हा बाहेर काढली आहे. तीन वर्षं ती बिडकीनच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. शेडच्या मालकीणबाई केसरबाई परवा आल्या आणि कंबरेवर हात ठेवून बघत उभ्या राहिल्या. पंधरा फुटी दोन नळ्या, मध्ये भंगारातून आणलेलं सहा सिलिंडरचं इंजिन, इंजिनाच्या मागं एका माणसाची सीट, आणि पार पुढं मोटारसायकलची दोन बारीक चाकं.

“हिच्यात सवारी किती बसती?” त्यांनी विचारलं.

म्हटलं, एकच. ही ड्रॅगस्टर आहे, चारशे मीटर सरळ पळवायची, बस्स.

“मंग जो आधी पोचला तो जिंकला.”

म्हटलं, नाही. आमच्या शर्यतीत आपण आपली वेळ आधी लिहून द्यायची. समजा चौदा सेकंद लिहिले, तर चौदाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं. पण चौदाच्या आत पोचलं की बाद.

केसरबाईंनी पुढचं बारीक चाक पायानं ढोसून बघितलं. “म्हंजे हे तर एस्टीचं टाइमटेबल झालं,” म्हणाल्या आणि शेळ्या हाकायला गेल्या. आबांना हे ऐकवायला हवं होतं, पण आबांसमोर रेलचं नाव निघत नाही.

आता हसू नकोस. मी पुढच्या ॲक्सलला सस्पेन्शन बसवतोय. होय, तू तेव्हा म्हणत होतीस तेच. तेव्हा मी म्हणालो होतो की टांग्याला स्प्रिंग असतो, रेलला नसतो. आत्तापर्यंत ॲक्सल थेट नळ्यांना आवळलेला होता, रस्त्यावरचा खडासुद्धा हातात लागायचा. आता चाकांना वरखाली दीड इंच मोकळीक द्यायची आहे. जास्त नाही. तेवढ्यानं गाडी दर खेपेला सारखी पळेल, आणि आपल्या खेळात सारखं पळणं म्हणजेच सगळं.

१८ जानेवारीला क्लबवाल्यांची शर्यत आहे. रस्ता तोच, बिडकीनच्या पुढचा, कारखान्यांसाठी आखलेला आणि अजून कारखाने न आलेला. तो सांधाही तसाच आहे. एका ठेकेदाराचा सिमेंट रस्ता जिथं संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो, तिथला अर्ध्या इंचाचा उंबरा अजून कुणी घासलेला नाही.

त्या दिवशी जे झालं ते झालं. सांध्यावर तुझा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला, गाडीचं नाक भरकटलं, तू गवतात गेलीस, खांद्याचं हाड मोडलं. कुणाचाही पाय उचलला जातो. तुझी एकटीची चूक होती असं मी कधी म्हटलेलं नाही.

मला हल्ली एकच स्वप्न पडतं. मी रेल घेऊन नाथसागराच्या पाण्यावरून चाललोय. इंजिनाचा आवाज नाही. पाणी सपाट आहे, कुठं सांधा नाही, आणि पलीकडचा काठ जवळ येतच नाही. भीती अजिबात वाटत नाही. उठल्यावर दोन्ही तळहात गार असतात.

अठराला ये. गाडी तू चालव. तुझी सीट मी हलवलेली नाही.

तुझा दादा
राजकुमार


३० नोव्हेंबर २०२५

अमू,

उत्तर नाही आलं. पत्र परतही आलं नाही, म्हणजे कुणीतरी घेतलं. मी तेवढ्यावर खूश आहे.

काम पुढं सरकलंय. कंपनीत टूलरूमची ड्यूटी संपली की थेट बिडकीन गाठतो. एका जुन्या व्हॅनचा कमानपाटा आणला, पाच पानांतली दोनच ठेवली आणि तो ॲक्सलच्या वर आडवा टाकला. दोन्ही टोकांना मोटारसायकलचे शॉकअप लावायचे. ॲक्सल मागंपुढं सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी एकेक रॉड, चौकटीला धरलेला.

मागच्या रविवारी पाट्याच्या मधोमध ब्रॅकेट वेल्ड करायला घेतला होता. चेहऱ्यावर काच ओढली, एवढ्यात दारात सावली पडली. आबा. पैठणच्या बसनं एकटे आलेले. तीन वर्षांत ते शेडकडं फिरकलेही नव्हते.

“पाट्याला आच लावू नको,” ते म्हणाले. “तिथंच तुटंल. यू-बोल्टनं आवळ.”

मी मशीन बंद केली. त्यांनी चष्मा लावला, पाट्यावरून बोट फिरवलं, दोन पानांच्या मध्ये ग्रीस नाही म्हणून मला दोन शब्द सुनावले. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, एकही अपघात नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला अजून शोकेसमध्ये बाबासाहेबांच्या फोटोशेजारी आहे, आई दर शनिवारी पुसते. मला वाटलं होतं ते काम बघून खूश होतील. त्यांनी सीटकडं बघितलं. सीट तुझ्या उंचीची, पुढं ओढलेली. मी त्यात बसलो तर गुडघे छातीला लागतात.

“हे कुणासाठी करायलास?”

“शर्यतीसाठी.”

“ते दिसतंय,” म्हणाले आणि चष्मा काढून खिशात ठेवला. परतीची बस चारची होती, पण ते तीनलाच जाऊन थांब्यावर उभे राहिले.

अपघातानंतर तू दवाखान्यातून आल्यावर आबा तुला काय म्हणाले ते मी दारातून ऐकलं होतं. “चाकावर बसून जे घाबरतं, त्यानं चाक धरू नाय. माझ्या डोळ्यांसमोर तर नाय.” तुझ्या हातात टेस्ट ड्रायव्हरच्या नोकरीचं पत्र होतं, दुसरा हात गळ्यात बांधलेला. तू पंधरा दिवसांत होसूरला गेलीस. तेव्हापासून तुम्ही दोघं एकमेकांशी एक अक्षर बोललेला नाहीत. मी त्या वेळी दारातून आत यायला हवं होतं. मला काहीतरी सांगायचं होतं.

ते पुन्हा कधीतरी. इथं थंडी पडायला लागलीय. आईनं तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी केलीय, वेगळ्या पार्सलनं पाठवतो. तिखट जरा जास्त झालंय.

राजकुमार


२१ डिसेंबर २०२५

अमू,

आज पहाटे रेल पहिल्यांदा रस्त्यावर नेली. एवढं धुकं होतं की बसल्या जागेवरून पुढची चाकं दिसत नव्हती. इंजिनापर्यंत गाडी होती, पुढची सगळी पांढरी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिव्यांचे खांब, सगळे लागलेले, आणि त्या उजेडात एक हरीण मधोमध उभं. मी हॉर्न वाजवणार होतो, मग आठवलं की हिला हॉर्नच नाही. आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांकडं बघत बसलो. त्याला कुठं जायची घाई नव्हती आणि मला जायची हिंमत नव्हती. शेवटी तेच गेलं.

धुकं विरल्यावर गाडी सोडली. सांध्यावर पुढची चाकं वर आली, पाटा दबला, आणि स्टिअरिंग आपोआप डावीकडं वळलं. मी पाय काढला. गाडी ओढत परत आणली आणि चटईवर आडवा पडून खालून बघत बसलो. कारण साधं निघालं. ॲक्सल वरखाली होताना धरणाऱ्या रॉडबरोबर एका गोलाईत फिरतो. स्टिअरिंगचा रॉड मी आखूड केलेला, तो वेगळ्या गोलाईत फिरतो. दोघांचं जमत नाही म्हणून प्रत्येक धक्क्याला चाकं वळतात. दोन्ही रॉड सारख्या लांबीचे आणि समांतर केले की झालं. दोन संध्याकाळचं काम.

हे मी तुला का लिहितोय, तर पाय काढला हे वाक्य लिहून झालंय. आता पुढचंही लिहितो. थांबलो तर पुन्हा चटणीवर येईन.

१२ नोव्हेंबर २०२२, शर्यतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, मी एकटा रेल घेऊन त्या रस्त्यावर गेलो होतो. तुला सांगितलं होतं की टायर आणायला जातोय. तीनदा पळवली. तिन्ही वेळा सांध्यावर पुढची चाकं उचलली आणि टणटण उड्या मारायला लागली. स्टिअरिंग हातात होतं, पण ते कशालाच जोडलेलं नव्हतं. तिन्ही वेळा मी घाबरून पाय काढला. तिसऱ्या वेळी गाडी थांबली तेव्हा मला उतरता येईना, मांड्या थरथरत होत्या.

घरी आलो. तू भाकरी खात होतीस. तू विचारलंस, “दादा, सांध्यावर कशी वाटती?” मी म्हणालो, “सुतासारखी सरळ जाती. सांधा कळत पण नाय.”

अमू, मी हे का बोललो, ते मी तीन वर्षं स्वतःला विचारतोय. गाडी माझी होती. मी सगळ्यांना सांगत फिरलो होतो की रेलला पुढं काही लागत नाही. क्लबच्या लोकांसमोर, तुझ्यासमोर. स्प्रिंग हवा होता हे कबूल केलं असतं तर तू बरोबर ठरली असतीस, एवढंच. तेवढं मला झेपलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी तू पाय काढला नव्हतास. मी कडेला उभा होतो. इंजिनाचा आवाज मला कळतो, दुसरं काही नाही कळलं तरी. तुझ्या गाडीचा आवाज सांध्यावर चढताच होता, सांध्यानंतरही चढताच होता, गाडी गवतात जाऊन आडवी होईपर्यंत चढता होता. तू शेवटपर्यंत पाय दाबून ती सरळ करायला बघत होतीस. मी धावत आलो, तुला ओढून काढलं, आणि लोक गोळा झाल्यावर म्हणालो, “पोरगी घाबरली, पाय काढला.” घरी येऊन आबांनाही तेच सांगितलं. तू म्हणालीस, “गाडी उडाली, मी पाय काढला नाय.” आबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं मी तुझी बाजू सांभाळतोय.

तुझी एकटीची चूक होती असं मी कधी म्हटलं नाही, असं पहिल्या पत्रात लिहिलंय. ते खोटं आहे. मी तेवढंच म्हटलं होतं.

मी माफी मागतो. याहून मोठा शब्द मला येत नाही. अठराला सगळ्यांसमोर हे सांगणार आहे.

राजकुमार


१९ जानेवारी २०२६

अमू,

सांगितलं. कसं झालं ते ऐक.

सकाळी शर्यतीआधी सगळ्या चालकांना एकत्र करून नियम सांगतात. अप्पाराव होते, तेच ते पांढऱ्या टोपीचे, झेंडा दाखवणारे. मी माइक मागितला. पन्नास-साठ माणसं असतील.  मी म्हणालो, बावीस साली इथं माझ्या बहिणीची, अमृताची गाडी आडवी झाली. मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं की तिनं घाबरून पाय काढला. तिनं काढला नव्हता. गाडीत दोष होता, मला आदल्या दिवशीच माहीत होता, मी तिला सांगितला नाही.

मग अप्पाराव म्हणाले, “कोण बहीण?”

म्हटलं, ती, गवतात गेली होती ती.

“तव्हा एक पोरगं गेलतं ना गवतात? लाल हेल्मेटचं?”

मागून कुणीतरी म्हणालं, व्हय, पोरगंच होतं, जालन्याचं. दुसरा म्हणाला, ते वेगळं, ते तेवीस साली. मग त्यांचा त्यावरच वाद सुरू झाला. माइक माझ्या हातात तसाच. तीन वर्षं मी या लोकांच्या नजरेला घाबरलो, आणि त्यांना तू आठवतसुद्धा नाहीस. पोरगी होती हेही आठवत नाही. मला एवढा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. राग कुणाचा ते नीट सांगता येणार नाही.

आता गाडीचं. रॉड सारखे केल्यापासून ती खरंच सरळ जाते. पण माझा पाय सुधारलेला नाही. सरावाला आठ वेळा पळवली आणि आठही वेळा सांध्याच्या अलीकडं पाय आपोआप वर आला. गाडीला काही झालेलं नसतं, मलाच होतं. वेळ मात्र सारखीच यायची, चौदा पॉइंट सहा. मी विचार केला, बरंय, सारखं घाबरणं हेही सारखंच आहे. फॉर्मवर चौदा पॉइंट सहा लिहून दिलं.

माझ्यासमोर नगरची एक मोटार होती. तिची लिहिलेली वेळ जास्त, म्हणून तिला आधी सोडलं, मग मला. मी सुटलो तेव्हा डोक्यात अप्पारावांचं तेच चाललं होतं, कोण बहीण, कोण बहीण. सूर्य समोर होता. रस्त्यावर पाणी साचल्यासारखं चकाकत होतं आणि मी त्या पाण्यात शिरत होतो, पाणी पुढं सरकत होतं. कधी तरी पाटा एकदा हलकेच दबला आणि वर आला, तुझ्या पाळण्याची दोरी मी लहानपणी ओढायचो तेव्हा हाताला लागायचं तेवढंच. मग रस्ता संपला. सांधा मागं गेला होता आणि माझा पाय अजून खालीच होता.

तेरा पॉइंट नऊ. लिहिलेल्या वेळेच्या आत, म्हणजे बाद. पहिल्याच फेरीत. नगरवाला येऊन हात मिळवून गेला, म्हणाला, “काका, जरा हळू घ्यायचं ना.”

मी बराच वेळ गाडीतच बसून होतो. तू सांध्यावर काय केलं असशील ते मला पहिल्यांदा कळलं. तुझ्या गाडीला तर तो पाटाही नव्हता.

तू आली नाहीस. मी दुपारपर्यंत फाटकाकडं बघत होतो. राग नाही.

राजकुमार


१ फेब्रुवारी २०२६

अमू,

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांनी तुझं अक्षर. दोनच शब्द, तरी मी ते चारदा वाचलं. “आबांना सांगितलंस?”

नाही सांगितलं. तुला माझी नस माहीत आहे. माइकवर साठ माणसांना सांगितलं म्हणजे घरीही सांगून झालं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. त्याच्याही आधी, चौदा जानेवारीला, आबा नामविस्तार दिनाला विद्यापीठाच्या गेटवर गेले होते, मी त्यांच्याबरोबर दिवसभर होतो, तेव्हाही सांगता आलं असतं. मी त्यांना चहा पाजला.

आज सकाळी सांगितलं. ते चहात बटर बुडवत होते. मी समोर खाली बसलो आणि बारा नोव्हेंबरच्या संध्याकाळपासून सुरू केलं. आईनं स्वयंपाकघरात भांडी घासायचं थांबवलं. मी सगळं सांगितलं, माझ्या मांड्या थरथरल्या तेही. बटर चहात पडून विरघळलं. त्यांनी ते बघितलं नाही.

“म्हंजे तिनं पाय काढला नाय?”

“नाय.”

“सांध्यावर पण नाय?”

“सांध्यावर पण नाय आणि मंग पण नाय. आवाज शेवटपर्यंत चढता होता, आबा.”

त्यांनी माझ्यावर हात उचलला असता तर मला बरं वाटलं असतं. ते उठले, आत गेले. बाहेर आले तेव्हा शर्ट घातलेला होता, वरच्या बटणापर्यंत, जणू कुणाला भेटायला निघालेत. आईला म्हणाले, “तिचा नंबर काढून दे.” आईनं पाठ असलेला नंबर सांगितला. त्यांनी तो फोनमध्ये घातला, आकडे तीनदा तपासले. बोट बटणावर ठेवलं आणि काढून घेतलं.

मग मला म्हणाले, “आधी तिला लिहून कळव. एकदम माझा फोन बघून घाबरंल ती.” आणि लगेच थांबले. खाली बघून म्हणाले, “घाबरायची नाय ती. पण कळव.”

माझ्याशी ते त्यानंतर बोललेले नाहीत. लगेच बोलावं असंही नाही, मी वाट बघीन.

तर कळवतोय. येत्या रविवारी, आठ तारखेला, सकाळी सात वाजता आबा तुला फोन करतील. सातला म्हणजे सातला, एसटीचा माणूस आहे. काय बोलायचं ते कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितायत, दुपारपासून दोन कागद फाडून झाले. नीट बोलता येणार नाही त्यांना. मध्येच गप्प होतील. तू ठेवू नकोस.

माझा नंबर बंदच राहू दे. त्यांचा उचल.

दादा